बंड्याची कंबर

कुत्र्यांचं काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यांवर केस असतात. कितीही झटका, धुवा, इस्त्री करा, लग्नाला जाऊन खुर्चीवर टेकलं की बाहीवर एक पिवळा केस दिसतोच. आमच्या लाइनमधले किस्से तसेच आहेत. मी ते जमवत नाही. ते चिकटतात.

माझं नाव सुमेध. ठाकुर्लीला राहतो. नववीत शाळा सुटली आणि मग सहा वर्षं कोलशेतला हरीदादांच्या केनेलवर काम केलं. आंघोळ, खाणं, औषधं, फिरवणं, आणि रविवारी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या कुत्र्यांची नखं कापणं. बोलायला मला जमत नाही. चार माणसांत तोंड उघडलं की कान गरम होतात. म्हणून लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला एक नर घ्यायचा होता. लॅब्रेडोर. स्वतःचा. चांगला नर दारात असला की लोक आपल्या माद्या घेऊन येतात आणि मेटिंगच्या पैशांवर एक घर चालू शकतं. माझी अट एकच होती. त्याची कंबर चांगली पाहिजे, आणि ती चांगली आहे हे एक्स-रेत दिसलं पाहिजे. ही अट ऐकून आमच्या लाइनमधली माणसं मला 'डॉक्टर' म्हणायला लागली. हाक प्रेमाची नव्हती.

*

हरीदादांनी सुलतान घेतला तेव्हा मी सोबत गेलेलो. भिवंडीच्या पुढे एका फार्महाऊसवर.

हरीदादा म्हणजे मोठा माणूस. खाडीकडची जमीन बिल्डरला गेली, उरलेल्या तुकड्यावर केनेल टाकलं. गळ्यात चेन, हातात कडं, आणि कुठलाही व्यवहार असो, शेवटचं वाक्य ठरलेलं, "घे बिनधास्त. माझी जबाबदारी!"

त्यांनी सुलतानचं डोकं बघितलं, छाती बघितली, दात मोजले, पायाचं हाड मुठीत धरून बघितलं. मालकाने कागद दाखवले. आजोबा परदेशातले, पणजोबा चॅम्पियन.

मी मागून हळूच म्हटलं, "दादा, कमरेचा एक्स-रे मागा ना."

हे मला डोंबिवलीच्या डॉक्टर मॅडमनी शिकवलेलं. आमची कुत्री त्यांच्याकडेच जायची. लॅब्रेडोरमध्ये कमरेचा सांधा सैल असण्याचा दोष रक्तातून येतो. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही. लहानपणी काही कळत नाही, कुत्रा धावतो, उड्या मारतो. दोन वर्षांचा झाला की गुंगी देऊन एक्स-रे काढायचा, मग खरं काय ते दिसतं. मादीत दोष असला तर तो तिच्या पिल्लांपुरता राहतो. नरात असला तर शंभर घरांत जातो.

हरीदादा मालकाकडे बघून हसले. "हा आमचा डॉक्टर. नववी नापास!"

मी नापास नव्हतो, शाळा सोडलेली. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"अरं, घोड्यासारखा चालतंय तो," हरीदादा म्हणाले. "मना डोळे नायत काय?"

सुलतान सत्तर हजारांना घेतला. एक्स-रेला अडीच-तीन हजार लागले असते, ते वाचवले. परत येताना हरीदादांनी रस्त्यातच गाडी थांबवून सुलतानच्या फोटोचा बॅनर करायला टाकला. त्याचे चार हजार झाले!

*

आमच्याकडे मेटिंगचे दोन भाव असतात. एक रोख. दुसरा 'पहिलं पिल्लू'. म्हणजे पैसे द्यायचे नाहीत, पण पिल्लं सहा-सात आठवड्यांची झाली की नराचा मालक येणार आणि सगळ्यांच्या आधी त्याला आवडेल ते पिल्लू उचलून नेणार. हरीदादा नेहमी पिल्लूच घ्यायचे. ते रोख रकमेपेक्षा महाग विकलं जातं.

आणि पिल्लू निवडावं तर त्यांनीच. आठ पिल्लं पायांत लुडबुडत असली तरी त्यांचं बोट बरोबर सगळ्यात घट्ट, चारी पायांवर सरळ उभं राहणाऱ्या पिल्लावर जायचं. ते घेऊन यायचं, चार दिवस बॅनरखाली ठेवायचं, विकायचं. बाकीची सात कुठे गेली हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मला माहीत असायचं. नखं कापायला मी जायचो ना.

डोंबिवलीला एका घरी कोको होती. दीड वर्षाची. तिसरा मजला, लिफ्ट नाही. उठताना मागचे पाय फरशीवर ओढायची. घरातल्या आजी आणि त्यांची सून तिला चादरीत घालायच्या, दोघी दोन टोकं धरायच्या, आणि दिवसातून तीन वेळा तिला जिना उतरवून खाली न्यायच्या.

आजी मला म्हणाल्या, "पोरा, आमचं खायला घालण्यात काही चुकलं का रे? सगळे म्हणतात, दूध जास्त दिलंत."

कोकोचा बाप सुलतान होता. मी मान खाली घालून नखं कापत राहिलो.

दुसऱ्या दिवशी केनेलवर गेलो तर हरीदादा फोनवर कुणालातरी सांगत होते, "इतकी पिल्लं उचलली मी सुलतानची, त्यातलं एकपण लंगडं निघालं नाय. एकपण नाय!"

आणि ते खोटं बोलत नव्हते.

*

एकदा ठाण्याच्या एका टॉवरमधून एक जोडपं आलं. त्यांच्या डेझीसाठी नर बघायला. साहेबांच्या मोबाइलमध्ये यादी होती. कंबर, कोपर, डोळे, हृदय, रक्त. सगळ्याचे रिपोर्ट हवेत म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी स्वतःहून त्यांच्या खुर्च्या पुसल्या.

हरीदादा प्रत्येक नावाला "हाय. सगळं हाय," म्हणत होते.

मी धीर केला. म्हटलं, "सर, ब्रुसेलाची ब्लड टेस्ट मादीचीपण लागते. मेटिंगमधून पसरतो तो आजार. पोटातली पिल्लं जातात. डेझीची केलीत का?"

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हॅलो! डेझी घरातली आहे. खाली उतरते तीसुद्धा लिफ्टने. तिची कसली टेस्ट?"

मॅडम म्हणाल्या, "आणि टेस्ट मुलाकडच्यांनी द्यायची असते ना?"

ते निघून गेल्यावर हरीदादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ डॉक्टर. टेस्ट सगळ्यांना पायजे. दुसऱ्याची!"

*

आमच्या ओळखीतल्या एका जिमवाल्याने टायगर नावाचा नर घेतला. चार वर्षांचा, शोमध्ये कप घेतलेला, आणि किंमत निम्मी. एवढा कुत्रा एवढ्या स्वस्तात का देतायत, हे त्याने विचारलं नाही. स्वस्त मिळणाऱ्या गोष्टीला आमच्याकडे प्रश्न विचारत नाहीत, नजर लागते.

टायगरकडे एकामागून एक चार माद्या आल्या. एकही गाभण राहिली नाही. जिमवाला प्रत्येकीच्या मालकाला तेच सांगायचा, "तुमच्या मादीतच प्रॉब्लेम आहे. दाखवून घ्या." चौघांनी चार ठिकाणी सोनोग्राफ्या केल्या, औषधं दिली.

पाचव्या मादीची मालकीण पन्नाशीची बाई होती. ती म्हणाली, "आधी टायगरची तपासणी करा. वीर्याची." जिमवाला लाजला, चिडला, पण नाइलाज होता. रिपोर्ट आला. शून्य.

जिमवाला डॉक्टर मॅडमच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "असं कसं होईल? छाती बघा ना त्याची!"

ती बाई शांतपणे म्हणाली, "माझ्या सासूचंपण हेच म्हणणं होतं."

*

बंड्या कुठल्याही केनेलचा नाही. आमच्या चाळीच्या तोंडाशी पडून असायचा. रंग कोणता ते सांगता येणार नाही. एका कानाला खाच, म्हणजे महापालिकेने नसबंदी केल्याची खूण.

एकदा त्याला रिक्षाने उडवलं. मागचे पाय उचलेना. मी त्याला गोणपाटावर घेतलं, दुसऱ्या रिक्षात घातलं आणि डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी कमरेचा एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं, मुका मार होता. पण मॅडम प्लेट उजेडावर धरून बघतच राहिल्या.

"सुमेध, इकडे ये. गोळा खोबणीत कसा बसला पाहिजे, मी तुला नेहमी सांगते ना? हे बघ. अशी कंबर मला वर्षात एखादी दिसते. फ्रेम करून लावावी अशी आहे!"

उजव्या मांडीत एक पांढराशुभ्र गोल ठिपका दिसत होता. "हे काय आहे?" मी विचारलं.

"छर्रा. एअरगनचा. कधीतरी कुणीतरी मारलाय. आता त्याला त्रास नाही, राहू दे."

उकिरड्यावर वाढलेला, छर्रा खाल्लेला, रिक्षाखाली आलेला कुत्रा. आमच्या लाइनमध्ये मी बघितलेली सगळ्यात चांगली कंबर त्याची. आणि नसबंदी झालेला तेवढा तोच!

मॅडमनी पैसे निम्मे घेतले आणि प्लेट मला दिली. वर कोपऱ्यात 'बंड्या' असं नाव छापलेलं.

आता माझी चूक सांगतो. ती प्लेट मी दुसऱ्या दिवशी केनेलवर नेली. वाटलं, चांगली कंबर कशी असते हे हरीदादांना एकदा डोळ्यांनी दिसलं, की पुढचा कुत्रा घेताना ते स्वतः एक्स-रे मागतील. त्यांनी प्लेट ट्यूबलाइटकडे धरली. खूप वेळ धरली. माझं बोलणं त्यांनी इतका वेळ कधीच ऐकलं नव्हतं.

"म्हणजे ही एकदम पास?"

"एकदम पास, दादा."

"आणि जात कळत नाय काय रं हाडांत?"

"नाही दादा. आकार तेवढाच असला की हाडं सगळ्यांची सारखीच."

"मंग राहू दे इथंच. गिऱ्हाइकाला दाखवायला बरी."

मी खूश झालो. आज आठवलं तरी लाज वाटते, पण त्या दिवशी मी खरंच खूश झालो.

*

सुलतान साडेचार वर्षांचा असताना एका सकाळी बसल्या जागेवरून उठेना. मी पोटाखालून टॉवेल घालून त्याला उभा केला. मग एकदाचा त्याचा एक्स-रे झाला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दोन्ही बाजू खराब आहेत. याच्याकडून आता एकही मेटिंग नको."

हरीदादा तिथे "हो मॅडम" म्हणाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तीन बुकिंग बाकी हायत."

त्यातलं एक पेडणेकर काकांचं होतं. काका डोंबिवलीचे, बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे कोकणातले. बोलणं एकदम शुद्ध. मला 'सुमेधराव' म्हणणारा जगात तो एकच माणूस. मी जायचो तेव्हा मला वाचायला पुस्तकं द्यायचे. त्यांची डॉली म्हणजे घरातली लेकच.

दोन दिवस मी वाक्य पाठ केलं. हरीदादांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. रविवारी डॉलीचा पाय मांडीवर घेतला आणि एका दमात बोलून टाकलं, "काका, सुलतानशी मेटिंग करू नका, त्याचा एक्स-रे खराब आलाय, पिल्लं लंगडी होतील."

काकांनी चष्मा काढून पुसला. आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. म्हणाले, "सुमेधराव, तुम्ही हे सांगितलंत, फार बरं वाटलं. इतकं प्रामाणिक हल्ली कोणी राहिलेलं नाही."

मला भरून आलं.

"पण मला एक सांगा," काका म्हणाले, "ही पिल्लं लंगडायला साधारण कधी लागतात?"

"सात-आठ महिन्यांची झाली की. कधी वर्षानंतर."

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. "आणि विकली जातात पन्नासाव्या दिवशी. मग आपला काही प्रश्न नाही!"

चहा आला. मी तो प्यायलो. नाही म्हणायलापण मला जमलं नाही.

*

घरी हे सगळं मी फक्त प्रज्ञाताईला सांगतो. ती माझी मोठी बहीण, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. ती म्हणाली, "दुसऱ्यांच्या कुत्र्यांवर किती रडशील? तूच घे नर. तुझ्या पद्धतीने, सगळं तपासून. माझे स्कूटरचे पैसे आहेत, ते घे."

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. कंबर, कोपर, डोळे, हृदय, ब्रुसेला. कुठली तपासणी कुठे होईल, किती लागतील. आई भाकरी थापत ऐकत होती.

"कुत्र्याच्या कमरेचा एक्स-रे," ती म्हणाली. "माझा गुडघा मागच्या जयंतीपासून दुखतोय, त्याला बाम!"

ताई हसली. "अगं आई, तो विकत घ्यायचाय. विकत घेताना बघावं लागतं."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "फुकट मिळालेल्याचं कोण बघतं?"

आम्ही दुसऱ्याच दिवशी आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. कुत्र्यापेक्षा स्वस्तात झाला.

*

शेवटी कल्याणला एक नर विकायला असल्याची जाहिरात ताईच्या मोबाइलवर आली. रॉकी, अडीच वर्षांचा. खाली लिहिलेलं, 'हिप एक्स-रे उपलब्ध'. आमच्या लाइनच्या जाहिरातीत हे शब्द मी सहा वर्षांत पहिल्यांदा वाचले. तीन वेळा वाचले.

फोनवर माझी जीभ अडते, म्हणून ताईच बोलली. "माझा भाऊ येईल बघायला," एवढंच तिने सांगितलं. ताईचे स्कूटरचे आणि माझे साठवलेले असे पैसे एका पिशवीत घेतले, वर डबा ठेवला आणि मी गेलो.

तळमजल्याचं घर, पुढे अंगण. मालक चाळिशीचा, बोलायला गोड. "ताईंचे भाऊ ना? या, बसा."

रॉकी आला आणि त्याने सरळ माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. मी सहा वर्षांत शेकडो कुत्री हाताळली, पण हा माझा आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मालकाने त्याला अंगणात पळवला. पळताना तो मागचे दोन्ही पाय जोडीने टाकत होता, सशासारखे. कमरेत दोष असलेले कुत्रे असे पळतात. मला ते दिसलं. पण एक्स-रे आहे ना, असं मी स्वतःला सांगितलं.

मालकाने पाकिटातून प्लेट काढून दिली. मी ती खिडकीकडे धरली.

गोळा खोबणीत बरोबर बसलेला. दोन्ही बाजूंना. वर कोपऱ्यात नावाच्या जागी एक स्टिकर चिकटवलेला, त्याच्यावर पेनाने 'रॉकी'. आणि उजव्या मांडीत एक पांढराशुभ्र गोल ठिपका.

माझा हात खाली येईना.

"हा ठिपका कसला?" मी विचारलं.

"मायक्रोचिप!" मालक अभिमानाने म्हणाला. "इम्पोर्ट लाइन आहे ना. त्यांच्यात असते."

रॉकी माझ्या पायावर पाठ टेकून बसला. मी स्टिकरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिलो. मालकाला वाटलं, मला किंमत जास्त वाटतेय.

"शंका असेल तर खुशाल विचारा," तो म्हणाला. "ठाकुर्लीला एक मुलगा आहे, सुमेध म्हणून. शिकलेला नाही फार, पण कुत्र्याची कंबर बघावी तर त्याने. एकदम प्रामाणिक पोरगा. कल्याण-डोंबिवलीत लोक त्याला विचारून नर घेतात. ही प्लेट त्यानेच पास केलीय. मी घेतला तेव्हा माझंपण त्याच्याशीच बोलणं झालेलं. लावू फोन?"

माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "लावा."

माझा मोबाइल शर्टाच्या खिशात होता. मी त्याच्यावर हात ठेवला. तो वाजला नाही.

मालकाने फोन स्पीकरवर टाकला. "हॅलो, सुमेधभाऊ? रॉकीसाठी पार्टी आलीय, समोरच बसलीय. प्लेट बघतायत. जरा सांगा ना त्यांना."

पलीकडे कुत्री भुंकत होती. त्यातला एक बसका आवाज सुलतानचा होता, ज्याला रोज सकाळी मी टॉवेल लावून उभा करायचो.

"अरं, बघायचं काय त्यात? मी स्वतः बघितलीय ती," सुमेध म्हणाला. "म्हणावं, घे बिनधास्त. माझी जबाबदारी!"